‘ती सोडून का आली नाही?’ हा प्रश्नच चुकीचा: घरगुती हिंसेत मदत आणि सुरक्षितता

मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका तरुण विवाहितेच्या मृत्यूने महाराष्ट्र हादरला. थाटामाटात झालेले लग्न, त्यानंतर हुंड्यासाठी छळ झाल्याचे आरोप आणि मागे राहिलेले तान्हे बाळ. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यामुळे दोषी कोण यावर इथे काही लिहीत नाही. पण त्यातली एक गोष्ट डॉक्टर म्हणून माझ्या मनातून जात नाही. त्याच घरातल्या थोरल्या सुनेने आधीच छळाची तक्रार केली होती, असे बातम्यांतून पुढे आले. म्हणजे कुणीतरी बोलले होते आणि कुठल्यातरी टेबलावर कागद पोहोचला होता.

तरीही अशा प्रत्येक मृत्यूनंतर आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो, ‘एवढा त्रास होता तर ती सोडून का आली नाही?’ हा प्रश्न सगळी जबाबदारी मार खाणारीवर टाकतो. खरा प्रश्न वेगळा आहे. तिने पहिल्यांदा ज्याला सांगितले, त्याने काय केले? तो पहिला माणूस आई असेल, शेजारीण असेल, पोलीस ठाण्यातला अंमलदार असेल किंवा माझ्यासारखी डॉक्टर. ती वाचेल की नाही, हे पुष्कळ वेळा त्या पहिल्या उत्तरावर ठरते.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के, म्हणजे चारपैकी एक. ही टक्केवारी शहरी-ग्रामीण, शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्यांची मिळून आहे.

त्याहून गंभीर आकडा पुढे आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी कधी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के. त्यांतल्याही बहुतेकींनी माहेरच्यांना सांगितले. पोलीस, वकील आणि डॉक्टर यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या फारच थोड्या.

पण एक गंमत पाहा. डॉक्टरकडे या स्त्रिया येतच असतात, फक्त वेगळी तक्रार घेऊन. सतत डोके दुखणे, झोप न लागणे, छातीत धडधड, ओटीपोटात दुखणे, तपासण्या नॉर्मल असूनही न जाणारा थकवा. कधी ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ म्हणून आलेली, पण दंडावर बोटांचे वळ असलेली. पडल्यावर लागते ते बहुधा तळहाताला, गुडघ्याला, कपाळाला. वार चुकवताना लागते ते हाताच्या बाहेरच्या बाजूला. निळे, हिरवट, पिवळसर असे वेगवेगळ्या रंगांचे वळ एकाच अंगावर दिसले, की ते एका दिवसाचे नाहीत हे लक्षात येते. सोबत आलेला माणूस प्रत्येक प्रश्नाचे उत्तर स्वतःच देत असेल, तर तेही एक लक्षणच.

आणि हिंसा म्हणजे फक्त मार नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक असे चारही प्रकार स्पष्ट लिहिलेले आहेत. पगार काढून घेणे, घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन परत न देणे हीसुद्धा हिंसा. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार तिच्या खात्यात येतात. पण एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आहे? या एका प्रश्नाच्या उत्तरातून घरातले बरेच काही कळते. पत्नी १८ वर्षांवरील असेल तर पतीने केलेला बळजबरीचा संबंध भारतीय न्याय संहितेत अजूनही बलात्कार ठरत नाही. पण २००५ च्या कायद्याखाली ती लैंगिक हिंसा ठरते आणि त्यावर न्यायालयाकडून संरक्षण मागता येते.

सोडून जाण्याचा काळ सर्वांत धोक्याचा

घरगुती हिंसेच्या मुळाशी राग नसतो, ताबा असतो. साहेबासमोर, गिऱ्हाईकासमोर ज्याला राग आवरता येतो, त्याला घरातही आवरता येतो. ताबा सुटतो आहे असे दिसले की हिंसा वाढते. म्हणूनच स्त्री घर सोडते तो काळ आणि त्यानंतरचे काही महिने सर्वांत धोक्याचे असतात, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. ‘सोडून का आली नाही’ याचे एक उत्तर इथेच आहे. कित्येकींना हा धोका आपल्यापेक्षा जास्त कळलेला असतो. म्हणून घर सोडायचेच असेल, तर ते भांडणाच्या भरात, ‘मी चालले’ असे सांगून नव्हे. ठरवून, तयारीने आणि न सांगता.

धोका जिवावर बेतण्याइतका आहे, हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत:

- त्याने एकदा जरी गळा दाबला असेल
- ‘मारून टाकीन’, ‘पेटवून देईन’ अशी धमकी किंवा कोयता, सुरी, रॉकेल हातात घेणे
- मार पूर्वीपेक्षा वारंवार किंवा जोराचा होऊ लागणे
- गरोदरपणात मारणे, पोटावर लाथ मारणे
- बळजबरीने शरीरसंबंध
- सतत संशय, फोन तपासणे, पाळत ठेवणे
- ‘तू गेलीस तर मी जीव देईन’ अशी त्याची धमकी

यातली एकही खूण असेल तर ‘पाहू, होईल नीट’ म्हणू नका.

गळा दाबण्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण ते सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. गळ्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते आणि दाब राहिला तर काही मिनिटांत मृत्यू. निम्म्याहून अधिक वेळा गळ्यावर बाहेरून ठळक खूण दिसत नाही. म्हणून घरचे म्हणतात, काही झाले नाही. पण आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत किंवा चेहऱ्यावर लाल ठिपके येणे, त्या वेळी नकळत लघवी होणे, मधली काही मिनिटे न आठवणे ही गंभीर लक्षणे आहेत. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा झाली, तर काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. त्यामुळे गळा दाबला गेला असेल तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, ज्या स्त्रियांचा जोडीदाराने आधी गळा दाबला होता, त्यांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता इतर पीडित स्त्रियांच्या सुमारे सातपट आढळली. गळा दाबणे हा ‘किरकोळ मार’ कधीच नसतो.

डॉक्टरचा कागद का महत्त्वाचा?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पती किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचे जुने ४९८-अ हे कलम आता ८५ आणि ८६ मध्ये आहे. हुंडाबळीचे ३०४-ब आता कलम ८० मध्ये. कलमांचे आकडे बदलले, गाभा तोच राहिला. पण गेल्या काही वर्षांत न्यायालयांचा सूर बदलला आहे, आणि तो समजून घ्यायला हवा.

या कलमाचा गैरवापर होतो, नातेवाइकांना सरसकट गोवले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांना दुजोरा दिला. त्यांत असे आहे की तक्रार नोंदवल्यावर दोन महिने अटक वा सक्तीची कारवाई करायची नाही आणि प्रकरण कुटुंब कल्याण समितीकडे पाठवायचे. अधिक गंभीर कलमे असलेली प्रकरणे मात्र या समितीकडे पाठवायची नाहीत.

खोट्या तक्रारींची चिंता निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण तक्रार केल्यानंतरचे हेच पहिले दोन महिने वैद्यकीय दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. तिने तोंड उघडले आहे, त्याला ते कळले आहे आणि कारवाई थांबलेली आहे. अशा वेळी प्रकरण ‘घरगुती कुरबूर’ ठरते की ‘जीवघेणा हल्ला’, हे पुष्कळदा केस पेपरवर काय लिहिले आहे यावर ठरते. ‘हाताला खरचटले’ आणि ‘पतीने दोन्ही हातांनी गळा दाबल्याचे रुग्ण सांगते, आवाज घोगरा, गिळताना वेदना’ या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून रुग्णालयात गेल्यावर एवढे करा:

- डॉक्टरांना एकटीने भेटायचे आहे असे सांगा. ‘तपासणीसाठी’ म्हणून सोबतच्या माणसाला बाहेर बसवायला डॉक्टरांना सांगता येते.
- कुणी मारले, कशाने मारले, कधी मारले हे स्पष्ट सांगा आणि तसेच लिहून घ्यायला सांगा.
- एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल नोंद. ही नोंद झाली म्हणजे लगेच कोर्टात खटला उभा राहिला असे नाही. पुढे कधी गरज पडली तर तो तुमचा पुरावा असतो.
- बळजबरीचा संबंध झाला असेल तर ७२ तासांच्या आत या. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधे जितकी लवकर घ्याल तितका त्यांचा उपयोग जास्त.
- मारहाणीचे फोटो काढताना एकात चेहरा आणि जखम दोन्ही दिसू द्या. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त गडद होतात, तेव्हा पुन्हा फोटो काढा.

कायदाही इथे तुमच्या बाजूने आहे. २००५ च्या कायद्याच्या नियमांनुसार, आधी कुठे तक्रार केली नाही म्हणून रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत. तुमची नोंद आधी झालेली नसेल तर ‘कौटुंबिक घटना अहवाल’ भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवणे हे रुग्णालयाचे काम आहे. वैद्यकीय तपासणी अहवालाची प्रतही मोफत मिळायला हवी. मुंबईत सेहत ही संस्था आणि महानगरपालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले, त्याला दोन दशके उलटली. जखमेवर मलमपट्टी जिथे होते, तिथेच समुपदेशक बसलेली असते. बाईला घरी ‘दवाखान्यात जाते’ एवढेच सांगावे लागते. ही सोय प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात का नसावी, हा प्रश्न विचारत राहायला हवा.

पोलिसांखेरीज दुसरा रस्ता

अनेकींना नवऱ्याला तुरुंगात पाठवायचे नसते. मार थांबायला हवा असतो आणि डोक्यावर छप्पर हवे असते. २००५ चा कायदा नेमका यासाठी आहे. यात न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून संरक्षण आदेश, राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि भरपाई मागता येते. तातडी असेल तर समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश मिळू शकतो. आदेश मोडला तर तो गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. घर सासूच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी, तुम्ही तिथे संसार केला असेल तर राहण्याचा हक्क मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले. फौजदारी तक्रारीतला दोन महिन्यांचा थांबा या अर्जाला लागू होत नाही. म्हणून फक्त पोलीस तक्रारीवर विसंबू नका. हा अर्जही सोबत करा.

अडचण अंमलबजावणीची आहे. संरक्षण अधिकारी हा या कायद्याचा कणा. पण अनेक ठिकाणी हे काम दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या गळ्यात बांधलेले असते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी सहा आठवड्यांत नेमण्याचा आदेश दिला. कायदा लागू होऊन जवळपास १९ वर्षे झाल्यावर हा आदेश द्यावा लागला, यातच सगळे आले. तुमच्या तालुक्याचा अधिकारी कोण, हे जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात विचारता येते.

माहेरी निघून आला असाल तर तक्रारीसाठी सासरच्या गावी परत जावे लागत नाही. जिथे आसरा घेतला तिथेही तक्रार करता येते, असा निकाल २०१९ मध्ये लागला आहे. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून कुठल्याही ठाण्याला गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही. तो ‘झिरो एफआयआर’ म्हणून नोंदवावाच लागतो. आणि स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

सुरक्षेची तयारी कशी करावी?

सुरक्षा योजना ही कल्पना त्याच कायद्याच्या नियमांत नमुन्यासह दिलेली आहे. घरात राहायचे ठरवले असले तरी ती हवीच.

*भांडण पेटले तर:* स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळा. एकीकडे सुऱ्या आणि गॅस, दुसरीकडे बाहेर पडायला वाट नाही. दाराच्या जवळ राहा. सुटका नसेल तर भिंतीकडे अंग मुडपून डोके आणि मान हातांनी झाका. मुलांना सांगून ठेवा, मध्ये पडायचे नाही, शेजारी पळायचे. एखाद्या शेजारणीशी खुणेचा शब्द ठरवा. ‘काकू, विरजण आहे का?’ असा फोन आला की तिने पोलिसांना कळवायचे.

*एका पिशवीत, शक्यतो घराबाहेर कुणाकडे तरी:* आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, मुलांचे जन्मदाखले, केस पेपर, रोजची औषधे, थोडी रोकड, जास्तीची किल्ली. मूळ कागद हलवता येत नसतील तर फोटो काढून विश्वासातल्या माणसाकडे पाठवा आणि आपल्या फोनमधून काढून टाका. दागिन्यांची यादी आणि पावत्यांचे फोटोही ठेवा.

*फोन:* लोकेशन शेअरिंग चालू आहे का, व्हॉट्सअॅप दुसऱ्या कुठल्या यंत्रावर उघडे आहे का, ईमेलचा पासवर्ड त्याला माहीत आहे का, हे पाहा. पण सगळे एकदम बंद करू नका. त्यातून त्याला संशय येतो. मदतीसाठीचा फोन शेजारणीच्या किंवा दवाखान्यातल्या फोनवरून करणे जास्त सुरक्षित. हा लेखही वाचून झाल्यावर शोध-इतिहासातून काढून टाका.

*निघताना:* मुलांना सोबत घ्या. नंतर आणू म्हटले तर मुलांवरूनच कोंडी केली जाते.

मदतीचे क्रमांक

- ११२: जिवाला धोका असताना. अनेक स्मार्टफोनमध्ये पॉवरचे बटण लागोपाठ दाबूनही हा फोन लावता येतो. ती सोय सेटिंगमध्ये आधी पाहून ठेवा.
- १८१: महिला हेल्पलाइन. इथून जवळच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची माहिती मिळते. तिथे उपचार, पोलीस, वकील आणि समुपदेशन यांची मदत एकाच जागी असते आणि काही दिवसांचा तात्पुरता निवाराही.
- १०९१: पोलिसांची महिला हेल्पलाइन.
- १०९८: मुलांसाठी.
- १५१००: मोफत कायदेशीर मदत.
- १४४१६: टेलि-मानस. मन खचले असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर. मराठीतून बोलता येते.

ज्यांना ती सांगते त्यांच्यासाठी

जागतिक आरोग्य संघटनेने डॉक्टर-नर्ससाठी सांगितलेले पाच टप्पे आई-वडिलांना, मैत्रिणीलाही तितकेच लागू पडतात. आधी शांतपणे ऐका. आता तिला काय हवे ते विचारा. तिच्यावर विश्वास आहे आणि यात तिची चूक नाही, हे तिला शब्दांत सांगा. आज रात्री घरी जाणे सुरक्षित आहे का, हे विचारा. मग पुढच्या मदतीपर्यंत सोबत जा. निर्णय मात्र तिचा राहू द्या. तिच्या वतीने नवऱ्याला जाब विचारायला धावू नका. तुम्ही परत फिरल्यावर त्याची किंमत तिला मोजावी लागते.

चार नातेवाईक बसवून, नवऱ्यासमोर तिला ‘काय त्रास आहे ते बोल’ म्हणणेही टाळा. त्याच्यासमोर ती खरे बोलू शकत नाही, आणि बोलली तर रात्री त्याचा हिशेब होतो. मारहाण चालू असताना समेटाची बैठक हा उपचार नव्हे.

शेजाऱ्यांनो, तुम्हीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकता. सद्हेतूने दिलेल्या माहितीसाठी तुमच्यावर कारवाई होत नाही, असे कायद्याच्या कलम ४ मध्येच म्हटले आहे. ‘त्यांच्या घरचे प्रकरण’ म्हणून टीव्हीचा आवाज वाढवण्याआधी एवढे आठवा.

आणि माहेरच्यांना एकच विनंती. मुलीचा फोन आला की ‘थोडे सहन कर, लोक काय म्हणतील’ हे पहिले वाक्य नको. पहिले वाक्य असे असू द्या, ‘बाळा, तू आत्ता कुठे आहेस? सुरक्षित आहेस ना? घराचे दार उघडे आहे.’